गुदैबियाहून रोमला

युस्टेस परेराला 'नाही' म्हणता येत नसे. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात तो स्टोअरकीपर होता आणि त्याची सगळी नोकरी ह्या एका खोडीवर उभी होती. कुणी फोन करून विचारलं, अमुक मापाचा व्हॉल्व्ह आहे का, की हा आधी "आहे" म्हणायचा आणि मग शोधायला निघायचा. बहुतेक वेळा सापडायचाही. नाही सापडला तर शेजारच्या गोदामातून उसना आणायचा. बाकीचे लोक "मफी", म्हणजे अरबीत 'नाही', म्हणून फोन ठेवून देत. युस्टेसच्या तोंडून तो शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. मालक त्याच्यावर खूश होता. बायको सेलिन मात्र खूश नव्हती, कारण घरी आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीतही तो हेच करायचा. सुके बोंबील आहेत का? आहेत. मग शोधत फिरायची पाळी तिच्यावर.

तर अशा माणसाच्या मुलीचं, निकोलचं, जमलं ते रायन डाबरेशी. मुलगा मनामातल्या एका हॉटेलात नोकरीला, शांत, कामसू आणि मुख्य म्हणजे वसईचा. सेलिननं त्या रविवारी चर्चमध्ये नेहमीपेक्षा जास्त मेणबत्त्या लावल्या. अडचण एकच होती, मुलाचे वडील. इनास डाबरे सर वसईच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, इतिहास शिकवायचे. खोटं बोलणाऱ्याच्या घरचं पाणी पिणार नाही, असा त्यांचा बाणा होता आणि तो नुसता बोलण्यापुरता नव्हता. थोरल्या मुलासाठी पाहिलेल्या मुलीच्या बापानं सांगितलं होतं, आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे. सर बैठकीतून उठले, विहिरीवर गेले, पोहरा काढला, घोटभर प्यायले. पाणी मचूळ लागलं. तिथल्या तिथे सोयरीक मोडली. आता समुद्राजवळच्या गावात कुणाच्या विहिरीचं पाणी गोडं राहिलंय? पण सरांचं म्हणणं असं, की पाणी खारट असलं तर चालेल, बाप खारट नको.

हे सगळं युस्टेसला ठाऊक होतं. म्हणूनच पुढं जे झालं त्याला काही माफी नाही.

व्हिडिओ कॉल लागला होता. सेलिननं सरांना आग्रह केला, एकदा बहारीनला या, घर बघा, मुलीला भेटा. सर म्हणाले, "मुलीला रायन भेटलाय ना. आणि तिथं पाहण्यासारखं काय आहे? मॉल?" त्यांच्या आवाजात असा काही कंटाळा होता, की युस्टेसला वाटलं, गेली सोयरीक. माणूस आलाच नाही तर पसंत काय करणार?

"आहे ना सर," तो म्हणाला. "रोमन अवशेष आहेत."

 मग सरांचा चेहरा मोबाइलच्या इतका जवळ आला, की नुसतं नाक दिसू लागलं. "रोमन? बहारीनमध्ये?"

"पुष्कळ," युस्टेस म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. रस्त्यावरून येताजाता त्यानं प्राचीन स्थळांच्या पाट्या पाहिल्या होत्या, आणि त्याच्या हिशेबी जे जुनं ते रोमन. सरांनी त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

आता माल शोधायचा होता. युस्टेसनं इंटरनेट उघडलं आणि त्याच्या पाचावर धारण बसली. किल्ला होता, पण त्याचा वरचा भाग पोर्तुगिजांचा. सार नावाच्या ठिकाणी जुनं गाव होतं, पण ते दिल्मुन नावाच्या लोकांचं, रोमच्या कितीतरी आधीचं. रोमन लोकांनी ह्या बेटाचं नाव ऐकलं होतं, इथले मोती त्यांना ठाऊक होते, पण राज्य करायला, बांधायला, अवशेष सोडायला त्यांच्यातला एकही इकडे फिरकला नव्हता. इतके लोक ह्या बेटावर येऊन गेले, आणि नेमके तेच यायचे राहिले!

"सरांना खरं सांगून टाक," सेलिन म्हणाली. "माणूस चुकतो."

"आणि त्यांनी विहिरीसारखं केलं तर?"

 पोरीनं लग्नाच्या गाऊनचे फोटो जमवायला कधीच सुरुवात केली होती.

युस्टेसनं खालच्या मजल्यावरच्या जमालुद्दीनला गाठलं. जमालुद्दीन रत्नागिरीचा. त्याची एक मिनीबस होती, तिच्यातून तो कंपन्यांच्या माणसांची ने-आण करायचा. देह असा, की गुदैबिया वस्तीतल्या त्यांच्या इमारतीच्या जिन्यात तो चढत असला म्हणजे उतरणाऱ्यानं वरच थांबायचं. युस्टेसनं त्याला बेत सांगितला: जे अवशेष आहेत तेच रोमन म्हणून दाखवायचे. सगळीकडे माहितीचे फलक लावलेले होते, आणि सरांना चालताचालता वाचायची सवय. फलक झाकायचे कसे?

"मना खोटं बोलायला नको सांगू," जमालुद्दीन म्हणाला. "मी पाच वखत नमाज पढनारा मानूस. पन उभं ऱ्हायला सांग, ऱ्हातो."

असं ठरलं. शनिवारी सकाळी मिनीबस निघाली. रायनची शिफ्ट होती, त्यामुळे तो नव्हता. पुढं सर, डोक्यावर हॅट, गळ्यात दुर्बीण. त्यांच्यामागे त्यांच्या पत्नी जोॲनबाई, ज्यांना विमानात पाय सुजल्यापासून कशातच रस उरला नव्हता. मग सेलिन, तिच्या मांडीवर भुजिंगचा, म्हणजे वसईकडच्या कोंबडी-पोह्यांचा डबा, आणि शेवटी निकोल, फोनमध्ये मान घालून.

किल्ला समुद्रकाठी. पिवळट दगडाचे बुरूज, खंदक, वर निळं आभाळ. जोॲनबाई बसमधून उतरल्या, वर बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"हा तर आपला वसईचा किल्ला! ह्यासाठी मला विमानात बसवलं होय?"

"बाई, हा वरचा भाग पोर्तुगिजांचा आहे," युस्टेस घाईनं म्हणाला. हे वाक्य खरं होतं, म्हणून त्यानं ते जरा मोठ्यानं म्हटलं.

"पोर्तुगीज राहू द्या," सर म्हणाले. "ते घरचेच. रोमन दाखवा."

खंदकाच्या बाजूला खणून ठेवलेला एक मोठा खड्डा होता, आत भिंतींवर भिंती. त्याच्या फलकापुढं जमालुद्दीन आधीच उभा राहिला होता, हाताची घडी घालून. फलकाचा एक कोपराही दिसत नव्हता. युस्टेसनं खड्ड्याकडे बोट केलं. "खाली, सर. खाली सगळे रोमन."

सर वाकले. दुर्बीण लावली. युस्टेसच्या कपाळावर हिवाळ्यात घाम फुटला. आता हा माणूस म्हणणार, हे कसले रोमन, आणि पोहरा काढून घोटभर पिणार.

सर सरळ झाले. "हो," ते म्हणाले. "दगडांची रचना पाहा. रोममध्ये मी अगदी अशीच पाहिली."

युस्टेसला आपल्या कानांवर विश्वास बसेना. सर रोमला जाऊन आले होते, हे सगळ्या वसईला माहीत होतं. चर्चच्या यात्रेबरोबर फार वर्षांपूर्वी गेले होते आणि त्यानंतर शाळेतल्या प्रत्येक वर्गाला त्यांनी कलोसियम पायऱ्यापायऱ्यांनी चढवला होता. अशा माणसानं 'रोमन' म्हटलं म्हणजे काय? इंटरनेट चुकलं असेल! युस्टेसला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं की त्याची जीभ सुटायची.

सारला पोचेपर्यंत तो पुरता गाईड झाला होता. तिथं गुडघ्याएवढ्या भिंतींचं एक आख्खं गाव उघड्यावर पडलेलं. लहान लहान खोल्या, मधून गल्ली. युस्टेस गल्लीत उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पसरले.

"हे रोमन स्नानगृह!"

"बरोबर," सर म्हणाले. "इथं गरम पाणी. तिथं थंड. आणि ह्या खोलीत कपडे बदलायचे."

"सर, तुम्हाला एका नजरेत कळलं!"

"पाहिलेलं असलं म्हणजे कळतं."

जोॲनबाईंनी घशातून एक आवाज काढला. युस्टेसला वाटलं, धूळ गेली असेल.

मग दोघांना रंगच चढला. युस्टेसनं एका चौथऱ्याला सिनेट केलं, सरांनी तिथं कोण कुठं बसायचं ते सांगितलं. युस्टेसनं एका गल्लीतून सैन्य नेलं. गल्ली इतकी अरुंद, की सरांनी ते एकामागून एक नेलं. तेवढ्यात निकोल बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "डॅडी, धिस इज दिल्मुन. रोम वॉजन्ट इव्हन बॉर्न."

"बाळा, तुला लग्न करायचंय ना?"

"ऑफ कोर्स."

"मग फोन पर्समध्ये ठेव."

शेवटी एका खोलीच्या कोपऱ्यात मातीचं गोल बांधकाम दिसलं. युस्टेस म्हणाला, ही रोमन देवतेची वेदी. सर म्हणाले, विजयानंतर इथं होम करत. जोॲनबाई पुढं आल्या, वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "ही चूल आहे."

"जोॲन, तुला त्यातलं कळत नाही."

"चुलीला चूल म्हणायला काय रोमला जावं लागतं? आयुष्य गेलं माझं चुलीपुढं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. फलकावर तेच लिहिलेलं होतं, पण फलकापुढं जमालुद्दीन होता.

दुपारी बसमध्येच सगळ्यांनी भुजिंग खाल्लं. सरांनी दोनदा घेतलं, सेलिनच्या हाताचं कौतुक केलं, निकोलला जवळ बसवून तिच्या कामाची चौकशी केली. निकोलनं मराठीत उत्तरं दिली, अडखळत, पण दिली. सेलिननं नवऱ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, आता पुरे, घरी चल. युस्टेसलाही तेच वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सरांनी हात धुतले, रुमालानं पुसले आणि म्हणाले, "आता म्युझियम."

"म्युझियम, सर?"

"एवढं मोठं स्नानगृह सापडलं, म्हणजे वस्तू सापडल्याच असणार. पुतळे, नाणी. रोमन दालन आहे ना म्युझियममध्ये?"

इथं तरी युस्टेसनं तोंड आवरायला हवं होतं. संधी चालून आली होती. "माहीत नाही, सर," एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण वर्षानुवर्षांची सवय.

"आहे," तो म्हणाला.

मनामाच्या म्युझियममध्ये शिरल्याबरोबर जमालुद्दीननं चहूकडे नजर फिरवली आणि युस्टेसचा दंड धरला. "बाबा रे, इथं भिंती भरून लिवलंय. मी एकटा कुठं कुठं उभा ऱ्हाऊ?"

खरंच होतं. जिकडे बघावं तिकडे अक्षरं, अरबी आणि इंग्रजी, मोठी आणि स्पष्ट. सर मात्र वाचत बसले नाहीत. त्यांना घाई झाली होती. हॅट हातात घेऊन ते जवळजवळ धावत तिथल्या एका तरुण बहारिनी गाईड मुलीकडे गेले, आणि मुख्याध्यापकाच्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, रोमन दालन कुठे आहे?

मुलगी गोड हसली. "रोमन दालन नाही, सर," ती इंग्रजीत म्हणाली. "रोमन इथं कधी आलेच नाहीत."

"नाही कसं? आम्ही सकाळी त्यांचं स्नानगृह पाहिलं. सारला."

"सारला दिल्मुन काळातली घरं आहेत, सर. राहती घरं. आत चुली आहेत, त्या पाहिल्या असतील तुम्ही."

"पाहिल्या," जोॲनबाई म्हणाल्या.

सर हळूहळू वळले. युस्टेसनं आयुष्यात कधी न सापडलेल्या मालाला तोंड दिलं नव्हतं. आज शेजारी उसनं मागायला गोदामही नव्हतं. "सर, मी..." तो म्हणाला. सगळा दोष त्याचा होता आणि शिक्षा पोरीला होणार होती. निकोल खांबाशी उभी होती.  त्याला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

"रोमन नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?" सरांनी विचारलं.

"हो, सर. तुम्ही यावं म्हणून बोललो. नंतर कळलं, पण तोवर तुमची तिकिटं निघाली होती. निकोलचा ह्यात काही दोष नाही. ती तर सांगत होती."

सरांनी हॅट डोक्यावर घातली. "जोॲन, चल. रायनला फोन लाव. हे जमायचं नाही."

जोॲनबाई हलल्या नाहीत. उलट शेजारच्या बाकावर बसल्या आणि सुजलेले पाय पुढं केले.

"का जमायचं नाही?"

"ऐकलंस ना? खोटं बोलले. सकाळपासून."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"ते म्हणाले स्नानगृह, तर गरम पाणी कुणी सोडलं? सैन्य गल्लीतून कुणी नेलं? चुलीत होम कुणी केला?" जोॲनबाईंचा आवाज आता दालनभर ऐकू येत होता. गाईड मुलीला भाषा कळत नव्हती, पण तीही ऐकत होती. "रोममध्ये असंच पाहिलंय म्हणे! काय पाहिलं तुम्ही रोममध्ये? पहिल्या रात्री ते मासे खाल्ले आणि तिथून पुढं हॉटेलचा संडास पाहिला. सगळी मंडळी कलोसियम बघायला जायची आणि मी बाहेरून दार वाजवत बसायची, अहो, बरं आहे ना? फादर तुमच्यासाठी रोज भात मागायचे. निघायच्या दिवशी दोघांनी धरून विमानात बसवलं. मी एवढी वर्षं बोलले नाही, कारण मुलं शिकत होती आणि तुम्ही शिकवायचात छान. पण आज माझ्या सुनेची सोयरीक तुम्ही मोडणार असाल तर मग बोलणारच. खारट पाणी काय एकाच घरच्या विहिरीला असतं?"

सेलिननं तोंडाला पदर लावला असता, पण ती पँटमध्ये होती, म्हणून तिनं नुसतीच मान खाली घातली. जमालुद्दीन तोंड फिरवून उभा राहिला आणि त्याची पाठ हलू लागली. युस्टेसला मात्र हसू आलं नाही. त्यानं सरांकडे पाहिलं. सकाळपासून एवढा ताठ वाटलेला माणूस हॅटखाली एकाएकी म्हातारा दिसत होता.

"रोमला बसमधून एक भिंत दिसली होती," सर म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "लांबलचक, विटांची. मी शुद्धीत होतो नव्हतो. ती रोमन होती की कुठल्या कारखान्याची, कुणाला विचारणार? सगळ्यांना वाटलं, ह्यांनी सगळं पाहिलं." ते थांबले. "तुम्ही फोनवर म्हणालात ना, पुष्कळ आहेत, त्या रात्री मला झोप आली नाही हो."

आता युस्टेसला रडू यायचं बाकी राहिलं. सोयरीक राहो की जावो, ह्या माणसाला आपण केवढी आशा दाखवली, ह्याची त्याला लाज वाटली. तो सरळ गाईड मुलीकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'आहे' न म्हणता विचारत होता. "बाई, काही तरी असेल का? रोमन असं एखादं? लहानसंही चालेल."

मुलीनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं. तिला काय समजलं कोण जाणे. "या," ती म्हणाली. "एक बाटली आहे."

ती त्यांना आतल्या दालनात घेऊन गेली. काचेच्या पेटीत एक छोटी बाटली होती, करंगळीएवढी, हिरवट, मानेशी जराशी वाकडी. मुलीनं सांगितलं, इथल्याच एका थडग्यात सापडली. बनवलेली रोमन साम्राज्यात, सुगंधी तेलासाठी असावी. उंटावरून, गलबतातून, हातोहात विकत विकत इथवर पोचली. रोमन आले नाहीत, पण ही आली.

"आणि फुटली नाही?" युस्टेसच्या तोंडून निघून गेलं. त्याच्या गोदामात दर खेपेला काचेचा माल फुटून यायचा, तोही थर्माकोलमध्ये बांधलेला.

सर पुढं झाले. त्यांनी हॅट काढली. दुर्बीण गळ्यात होती ती बाजूला सारली आणि काचेला जवळजवळ नाक लावून ते बघत राहिले. बराच वेळ. मागून एक शाळेची रांग आली आणि गेली. जोॲनबाई लंगडत आल्या आणि नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"युस्टेस," सर बाटलीवरची नजर न काढता म्हणाले, "ही तरी खरी आहे ना?"

युस्टेसनं तोंड उघडलं. जिभेवर आलं होतं, की ही कुण्या सरदाराच्या राणीची असणार, हिच्यात गुलाबाचं तेल होतं, अजून वास येतो. त्यानं ते सगळं गिळलं.

"खरी आहे, सर."

सरांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून आपल्या श्वासानं धुरकटलेली काच त्यांनी नीट पुसली, आणि पुन्हा वाकले.

"सर नका म्हणू आता," ते म्हणाले. "व्याही म्हणा."